देव्हाऱ्यामागची डबी

वाचकाचे पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात:

पूर्व विदर्भातील एका धान उत्पादक शेतकऱ्याचे हे पत्र आहे. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला सिकलसेलचा आजार आहे. तो चार वर्षांचा असतानाच रक्ततपासणीत 'एसएस', म्हणजे दोन्ही जनुके दोषी, असा निष्कर्ष आला होता. वीस वर्षांची मोठी मुलगी 'एएस', म्हणजे एकच दोषी जनुक असलेली वाहक आहे. मुलाला वर्षातून चार-पाच वेळा हातपाय आणि कंबर दुखून दवाखान्यात भरती करावे लागते, आणि मागच्या पावसाळ्यात दोनदा रक्त चढवावे लागले. दोन वर्षांपूर्वी सरकारी रुग्णालयातून हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल सुरू झाल्या होत्या. तीन महिने घेऊनही फारसा फरक दिसला नाही, त्यातच 'हे कॅन्सरचे औषध आहे, पोरगा पुढे बाप होणार नाही' असे एका नातेवाइकाने सांगितले. तेव्हापासून उरलेल्या कॅप्सूलची डबी देव्हाऱ्यामागे पडून आहे. आता जनुक दुरुस्त करून सिकलसेल कायमचा बरा होतो, असे सांगणारी चित्रफीत त्यांनी मोबाईलवर पाहिली आहे. शहरातील एका केंद्राचा माणूसही घरी येऊन 'आठ लाखांत स्टेम सेलचे इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी घरी' असे सांगून गेला आहे. साडेतीन एकरांपैकी दोन एकर विकून ते इंजेक्शन घ्यावे, की भारतात जनुकोपचार येईपर्यंत थांबावे, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी ते लिहितात की मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू आहेत, ती वाहक असल्याचे पाहुण्यांना अजून सांगितलेले नाही, आणि घरात आजी सगळा दोष सुनेला देते.

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत: जमीन विकून आज काहीतरी करायचे, नाही तर जनुकोपचाराची वाट पाहत बसायचे. मुलाचे दुखणे डोळ्यांसमोर असताना होणारी घाई मला समजते. पण तिसरी वाट तुमच्याच घरात, देव्हाऱ्यामागे आहे, आणि या पत्रातला सर्वांत मोठा भाग मी तिलाच देणार आहे. नवे संशोधन म्हणजे बरे होणे आणि जुने औषध म्हणजे दिवस ढकलणे, असे तुम्ही धरून चालला आहात. हे गृहीत तपासल्याशिवाय सातबाऱ्यावरचे नाव बदलू नका, असे मी तुम्हाला कळकळीने सांगते.

आधी त्या चित्रफितीविषयी. तिच्यातली मूळ गोष्ट खोटी नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसते, आणि एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा पेशींचे पहिले वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले, आणि १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा आजार आढळल्यावर भारतात त्याची नोंद झाली. उपचाराचे बीज मात्र एका साध्या निरीक्षणात होते. जॅनेट वॉटसन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्ये नोंदवले की सिकलसेल घेऊन जन्मलेली बाळे पहिले काही महिने चांगली असतात, कारण त्यांच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन अजून शिल्लक असते. तुम्हालाही आठवत असेल, तुमचे बाळ सुरुवातीला हसतेखेळते होते आणि दुखणी नंतर सुरू झाली. गर्भातले हिमोग्लोबिन टिकवता आले किंवा परत आणता आले तर आजाराची धार बोथट होईल, हा विचार तिथून निघाला. ते हिमोग्लोबिन बंद करणारी कळ बीसीएल११ए या जनुकात आहे, हे कळायला २००८ साल उजाडले. क्रिस्पर ही जनुकाची कात्री २०१२ मध्ये हाती आली, २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या सिकलसेलग्रस्त महिलेवर ती कळ या कात्रीने निकामी करण्याचा उपचार झाला, आणि त्याच उपचाराला कॅसजेव्ही या नावाने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनमध्ये आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेत मान्यता मिळाली. एका डॉक्टरच्या निरीक्षणापासून मान्य उपचारापर्यंत पंचाहत्तर वर्षे गेली. ज्या चाचणीवर अमेरिकेतली मान्यता आधारलेली आहे, तिच्यात पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने एकही तीव्र वेदनेचा झटका आला नाही. ज्यांनी बालपणापासून रात्री जागून काढल्या त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचा आनंद तुम्ही जरूर माना.

चित्रफितीत बहुधा न सांगितलेले पुढे आहे. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, गोळा केल्या जातात, त्या प्रयोगशाळेत पाठवून त्यांच्या जनुकात बदल केला जातो आणि यात कित्येक महिने जातात. बदललेल्या पेशींना अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या मगजात, जागा हवी म्हणून बुसल्फान नावाच्या तीव्र केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. केस गळतात, तोंडात फोड येतात, संसर्गाचा धोका असतो आणि रुग्णालयात काही आठवडे राहावे लागते. त्या केमोथेरपीने मूल होण्याची क्षमता कायमची जाण्याचा खरा धोका असतो. ज्या भीतीने तुम्ही कॅप्सूल बंद केल्या, ती भीती कॅप्सूलपेक्षा या उपचारात कितीतरी अधिक खरी आहे, हे जरा थांबून लक्षात घ्या. कॅसजेव्हीच्याच दिवशी अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लिफजेनिया या दुसऱ्या जनुकोपचाराच्या माहितीपत्रकावर तर मान्यतेच्या वेळी रक्ताच्या कर्करोगाच्या धोक्याचा ठळक इशारा छापलेला होता. आणि कॅसजेव्हीची अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे, म्हणजे वीस कोटी रुपयांच्या आसपास. दोन एकर विकून ती वाट जवळ येत नाही.

मग भारतात काय चालले आहे? दिल्लीच्या जनुकीय संशोधन संस्थेने, म्हणजे आयजीआयबीने, सिकलसेलसाठी स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले आहे. बिरसा मुंडा यांच्या नावावरून त्या उपचाराला 'बिरसा १०१' असे नाव देऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जाहीर करण्यात आला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. देशी संशोधनाने किंमत किती खाली येऊ शकते, याचा एक नमुना मुंबईतच आहे: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि परदेशात कित्येक कोटींना पडणारा उपचार येथे चाळीस लाखांच्या आसपास आला. म्हणून तुमची आशा अस्थानी नाही. परंतु प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट आधी थोड्या रुग्णांत सुरक्षित ठरावी लागते, मग अधिक रुग्णांत गुणकारी ठरावी लागते, आणि जनुक बदललेल्या रुग्णांवर तर अमेरिकेत पंधरा वर्षे लक्ष ठेवण्याची अपेक्षा असते. हे सगळे होईपर्यंत तुमचा मुलगा तेराचा राहणार नाही.

आणि इथेच 'थांबावे' या शब्दातली खरी अडचण आहे. सिकलसेल थांबत नाही. झटका येऊन गेला, मुलगा शाळेत जाऊ लागला, की घरच्यांना वाटते आजार झोपला. पण आत प्लीहा, मूत्रपिंड, फुप्फुसे, मांडीच्या हाडाचे टोक आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या यांची झीज चालूच असते. उद्या जनुकोपचार परवडणारा झाला, तरी एवढी तीव्र केमोथेरपी सोसण्यासाठी हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुसे चांगली असावी लागतात. आज अवयव जपले, तरच उद्याचा उपचार त्याच्या कामी येईल. म्हणजे आजचे औषध आणि उद्याचा उपचार यांपैकी एकाची निवड करायचीच नाही. आजचे औषध ही त्या उपचाराची पूर्वतयारी आहे.

आता डबीकडे येते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध काही प्रकारच्या रक्तकर्करोगात वापरले जाते, हे खरे. पण त्याची निवड सिकलसेलसाठी का झाली, हे तुमच्या नातेवाइकांनी सांगितले नसेल. ते गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे वॉटसनबाईंच्या निरीक्षणातला तोच धागा पकडून काम करते, जो धागा कॅसजेव्हीने पकडला आहे. कोट्यवधींचा उपचार आणि तुमच्या डबीतली कॅप्सूल हे एकाच विचाराचे दोन टोकांचे वंशज आहेत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या २९९ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. १९९८ मध्ये तिथे मान्यता मिळाली. त्या रुग्णांचा पुढे सतरा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला, तेव्हा औषध घेणाऱ्यांत कर्करोग वाढल्याचे दिसले नाही, उलट जे दीर्घकाळ औषध घेत राहिले त्यांच्यात मृत्यू कमी आढळले. 'कॅन्सरचे औषध' आणि 'कॅन्सर करणारे औषध' या दोन गोष्टींत महदंतर आहे.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेत. म्हणून जवळचे उदाहरण देते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या साठ मुलांवर चाचणी केली. निम्म्या मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दहा मिलिग्रॅम अशी कमी आणि ठरावीक मात्रा दिली, आणि दीड वर्ष पाहिले. औषध घेणाऱ्या मुलांचे झटके, रक्त चढवण्याची वेळ आणि रुग्णालयातले दिवस लक्षणीयरीत्या कमी झाले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला या कामाचे मोल फार वाटते. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये गर्भातले हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, म्हणून इथला आजार सौम्य, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, आणि विदर्भातल्या घराघरांत मुले कण्हत होती. आपल्या मुलांसाठी कोणती मात्रा पुरते, वारंवार तपासण्या शक्य नसलेल्या खेड्यांत ती कशी देता येईल, हा प्रश्न नागपुरातल्याच डॉक्टरांनी नागपुरातल्याच वॉर्डात सोडवला. पुढे अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या आफ्रिकी देशांत सहाशेहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीतही वेदना, संसर्ग आणि मृत्यू कमी झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधन प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचवण्याची चर्चा आपण मोठ्या शहरांतल्या यंत्रांच्या संदर्भात करतो. माझ्या लेखी त्या प्रवासाचा शेवटचा टप्पा आरोग्य केंद्रापासून तुमच्या घरातल्या रात्रीच्या जेवणापर्यंतचा आहे, आणि तुमच्या घरी तो तीन महिन्यांनी तुटला.

तीन महिन्यांत फरक दिसला नाही, असे तुम्ही लिहिता. गर्भातले हिमोग्लोबिन हळूहळू वाढते, आणि परिणाम नीट दिसायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. ज्या सुमारास गुण दिसू लागायचा, त्याच सुमारास औषध बंद झाले. यात तुमचा दोष नाही. कॅप्सूल हातात देताना कोणीतरी समोर बसवून हे सांगायला हवे होते. बाप होण्याच्या भीतीविषयीही सरळ बोलते. औषध चालू असताना शुक्रजंतूंची संख्या कमी होऊ शकते. औषध थांबवल्यावर ती सुधारल्याचे अनेकांत आढळले आहे, तरी प्रत्येकात तसेच होईल असे वचन कोणी देऊ नये. सिकलसेलचा आजार स्वतःही ही क्षमता कमी करतो, हे मात्र तुमच्या नातेवाइकांनी हिशेबात धरलेले नाही. मुलगा वयात येत आहे, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पुढे वीर्य गोठवून ठेवण्याची सोय घ्यायची का, तेही विचारा.

पण देव्हाऱ्यामागची डबी उघडून उद्यापासून कॅप्सूल देऊ नका. दोन वर्षांत मुलाचे वजन बदलले आहे आणि औषधाची मुदत संपली असेल. डबी आणि जुने कागद घेऊन रुग्णालयात जा. रक्तातील पेशींची मोजणी म्हणजे सीबीसी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून नव्या वजनाप्रमाणे मात्रा ठरेल. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी सीबीसी करावी लागते, कारण हे औषध पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी करू शकते. त्या तपासण्या चुकवल्या तर औषध धोक्याचे ठरू शकते. केल्या तर ते सांभाळता येते. कॅप्सूल रोज एकाच वेळी द्यायची. एक शंभर पानी वही करा आणि तारीख, वजन, हिमोग्लोबिन, झटका आला तो दिवस, शाळा बुडाली तो दिवस, एवढेच लिहीत जा. सहा महिन्यांनी ती वहीच तुम्हाला सांगेल की औषध लागू पडते आहे की नाही, आणि मग कोणा नातेवाइकाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही.

नवे तेच चांगले, या समजाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. सिकलसेलसाठी २०१९ मध्ये अमेरिकेत दोन नवी औषधे मोठ्या अपेक्षेने आली, व्हॉक्सेलोटर आणि क्रिझानलिझुमॅब. पुढच्या चाचणीत क्रिझानलिझुमॅबचा फायदा सिद्ध न झाल्याने युरोपने २०२३ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. व्हॉक्सेलोटर घेणाऱ्यांत झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण चिंताजनक दिसल्यामुळे फायझर कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेतले. पंचवीस वर्षांहून जुने हायड्रॉक्सियुरिया अजून जागेवर आहे. संशोधकांनी नवी औषधे शोधणे चूक होते, असे मी म्हणत नाही; त्याशिवाय काहीच पुढे सरकणार नाही. पण बातमीत आलेले औषध आणि वर्षानुवर्षे टिकलेले औषध यांत फरक असतो, आणि आपल्या मुलासाठी निवड करताना तो फरक आपल्या बाजूने वापरावा.

आठ लाखांच्या इंजेक्शनबद्दल माझे उत्तर एका शब्दात 'नको' असे आहे, आणि त्याचे कारण वर लिहिलेल्यातच आहे. सिकलसेलमध्ये रोगट रक्त बनवणारी अस्थिमज्जा बाजूला केल्याशिवाय नव्या पेशींना रुजायला जागाच नसते. म्हणून खऱ्या प्रत्यारोपणात, म्हणजे दात्याची निरोगी अस्थिमज्जा रुग्णाला देण्यात, आधी केमोथेरपी असते, मुलगा कित्येक आठवडे वेगळ्या खोलीत असतो, आणि दाता कोण, त्याचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळतात का, हा पहिला प्रश्न असतो. जिथे दात्याचा प्रश्न विचारला जात नाही, केमोथेरपीचे नाव निघत नाही आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात, तिथे सिकलसेल बरा करण्याची क्रियाच घडत नाही, मग ते दालन कितीही चकचकीत असो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतील मान्य प्रत्यारोपण सोडून स्टेम सेलचा इतर कोणताही वापर केवळ नियमबद्ध चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सामील होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात.

हाच निकष तुम्ही, आणि हे वाचणारे तुमच्यासारखे अनेक पालक, कुठल्याही 'नव्या ट्रायल'साठी वापरू शकता. भारतात १५ जून २००९ पासून अशा चाचण्यांची आगाऊ नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत बंधनकारक आहे, आणि ती नोंद इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा. नैतिकता समितीचे नाव आणि फोन मागा. संमतीपत्र मराठीत मागा, ते घरी न्या, गावातल्या शिकलेल्या माणसाला दाखवा, आणि इजा झाली तर उपचार व भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिले आहे का ते पाहा. तुमच्या मुलाच्या वयाला तर केवळ बापाची सही पुरत नाही. बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही लागते. पत्रात तुम्ही जमिनीविषयी, नातेवाइकांविषयी, पाहुण्यांविषयी लिहिले आहे, पण मुलाला काय वाटते, याविषयी एक ओळही नाही. तेरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या आजाराबद्दल पुष्कळ जाणून असतो. त्याच्याशी बोला.

बोलताना एक अवघड गोष्टही बोला. सिकलसेल असलेल्या मुलांना वयात येताना लिंगाला कारण नसताना दीर्घकाळ ताठरता येऊन तीव्र दुखू शकते. मुले लाजेपोटी ते लपवतात आणि त्यातून कायमचे नुकसान होते. तसे चार तास राहिले तर ती तातडीची बाब आहे, हे त्याला एखाद्या पुरुषाने, शक्यतो तुम्हीच, आधी सांगून ठेवावे. ३८.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरे पडणे, पोट डावीकडे फुगणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही. पक्षाघाताचा धोका आधी ओळखण्यासाठी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची ट्रान्सक्रेनियल डॉपलर नावाची वेदनारहित सोनोग्राफी सोळा वर्षांपर्यंत दर वर्षी करतात. ती जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात होते का, विचारा. न्यूमोकोकसची लस राहिली आहे का, तेही पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. शिक्षणात त्याचा उपयोग होतो.

राहिली सोयरीक. आजींना आधी एवढेच सांगा की आईवडील दोघांकडून एकेक दोषी जनुक आल्याशिवाय मूल 'एसएस' होत नाही. सुनेचा जेवढा वाटा, तेवढाच त्यांच्या मुलाचा. तुमची मुलगी वाहक आहे, आजारी नाही. तिला औषध नको, संसार ती नीट करेल. प्रश्न फक्त एवढाच आहे की होणारा नवराही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. तो सिकलसेलचा वाहक किंवा रुग्ण नसेल, तर मूल 'एसएस' होणार नाही. म्हणून लपवण्यापेक्षा मुलाकडच्यांना तपासणी करायला सांगणे सोपे आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची ही तपासणी ज्या जिल्ह्यांत होते त्यांत आपले जिल्हे आहेत. मी शाळेतल्या शिबिरांत ती असंख्य वेळा पाहिली आहे: छोट्या काचेच्या नळीत औषधी द्रावण, त्यात बोटातल्या रक्ताचे काही थेंब, थोडा वेळ थांबायचे, आणि मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर वाहक किंवा आजारी, आणि त्यातले नेमके कोणते ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पुढच्या एचपीएलसी तपासणीत कळते. हे ऐकून जे पाहुणे उठून जातील, त्यांनी लग्नानंतर कळल्यावर तुमच्या मुलीला कसे वागवले असते, याचा विचार तुम्हीच करा.

तुमच्या पत्रात न आलेली एक शक्यता याच मुलीच्या बाजूने येते. आज सिकलसेल मुळापासून बरा करणारा, भारतात उपलब्ध असलेला आणि वर्षानुवर्षे सिद्ध झालेला उपचार म्हणजे जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. जुळणारे भावंड असलेल्या मुलांत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. वाहक भावंड दाता होऊ शकते. ज्या 'एएस'ला घरात डाग समजून लपवले जात आहे, तो या कामी अडथळा नाही. दोन सख्ख्या भावंडांचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे जुळणार नाही हीच शक्यता जास्त आहे, आणि जुळले तरी केमोथेरपीचे वर सांगितलेले धोके, प्रत्यारोपित पेशींनी शरीरावरच उलटण्याचा धोका आणि जिवाचा थोडा धोकाही या उपचारात आहेत. खर्च साधारण दहा ते पंधरा लाख येतो. त्यासाठी शासकीय योजना आणि मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी यांतून काय मिळू शकते, हे शासकीय रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटून आधी समजून घ्या, आणि जमिनीचा विचार त्यानंतर करा. हायड्रॉक्सियुरिया सुरू करून सहा महिन्यांची वही हातात आली, आणि तरीही झटके कमी नसले किंवा डॉपलरमध्ये धोका दिसला, तर या वाटेकडे गांभीर्याने पाहायचे. नीट आराम पडला, तर घाई नाही.

एचएलए तपासणीसाठी मुलीला नेण्याआधी तिला जवळ बसवून हे सगळे सांगा: रक्त कशासाठी घेणार, जुळले तर तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा कशी काढतात, त्यासाठी भूल द्यावी लागते, काही दिवस कंबर दुखते आणि दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. ती वीस वर्षांची आहे, संमतीपत्रावर सही तिची असेल. तिला दोन दिवस विचार करू द्या, आणि तोवर त्या केंद्राच्या माणसाचा फोन आला तर उचलू नका.